बाईसाहेब आणि लहान्या

अंबरनाथ पश्चिम
४ ऑगस्ट २०२४

वन्सं, नमस्कार.

दूध तापवून झाकून ठेवलं होतं. पाणी आलं होतं म्हणून आधी पिंप भरलं, मग कालचा भात फोडणीला टाकायचा म्हणून कांदा चिरायला घेतला. शीला भांडी घासत होती. आठ वाजले असतील. हात पुसत मी बाहेर आले, माशांच्या टाकीवरचा दिवा लावला, तर साहेब आतल्या कुंडीबाहेर तळाशी आडवा पडलेला. त्याच्याशेजारी बाईसाहेब उभी होती. उभी म्हणते, कारण ती जागची हलत नव्हती, फक्त कल्ल्यांजवळचे पर चालू होते. चिरलेला कांदा तसाच राहिला, दुपारी टाकून दिला.

ही बावीस मेची गोष्ट. हे जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "मारलास ना मासा?" मी फोन ठेवून दिला.

म्हणून आता पत्र लिहिते आहे. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं. आईंना शेवटी कुणी जास्त सांभाळलं यावरून आठ वर्षांपूर्वी वाजलं तेही फोनवरच. कागदावर तुम्हाला माझं बोलणं मध्ये तोडता येणार नाही, आणि मलाही तुमचं.

तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंत. सोनिवलीच्या घरात सहा टाक्या ठेवल्यात. आमच्याकडची क्लाउन माशांची जोडीही तुमच्याच टाकीत जन्मलेली, आपलं वाजण्याआधी तुम्हीच दिलेली. मी दहावी नापास. पण वाचायला घेतलं की सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. टाकीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन निम्मं वाचलं आहे.

साहेब मिठाच्या पाण्यामुळे मेला नाही. मी रोज हायड्रोमीटर लावते आणि ह्यांच्याच वहीत आकडा लिहिते. त्याचं वय झालं होतं.

आता बाईसाहेब एकटी आहे. पूर्वी गरीब होती, आता काच पुसायला हात घातला की डसते. खाणं सगळं एकटीला मिळतं म्हणून अंगानेही सुटली आहे. दुःखाने चिडचिडी झाली असेल असं मला वाटतं. तिला सोबतीला एखादा चांगला मोठा नर आणावा का? शीला म्हणते, "माणसात बाईने दुसरा केला की बोंब, माशात चालतं होय?" मी म्हटलं, वन्संना विचारते.

अंजनी


सोनिवली
९ ऑगस्ट

अंजनी,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. माहिती सगळी उलटी आहे.

तुमचा साहेब ही मादी होती. बाईसाहेब हा तिचा नर. क्लाउन माशांत सगळी पिल्लं आधी नराच्याच बाजूची असतात, तीही कच्ची. कळपात जो सगळ्यांत मोठा तो मादी होतो आणि टाकी त्याची. दुसऱ्या नंबरचा तिचा नर. बाकीचे उंचीप्रमाणे रांगेत थांबतात. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि रांग एक जागा पुढे सरकते. मादी झालेला पुन्हा नर होत नाही.

म्हणजे तुझी बाईसाहेब गेले अडीच महिने बाई होते आहे. ती दुःखाने चिडलेली नाही. घर आता तिचं आहे आणि तू त्यात हात घालतेस, म्हणून डसते.

कमूला हे मी २०१९ मध्येच सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, अंजूला सांगू नकोस, नावं तिने ठेवली आहेत."

मोठा मासा मुळीच आणू नकोस. तो मादी निघाला तर दोघींतली एक मरेल. बाईसाहेबच्या जवळपास निम्मा असेल असा लहान आण. आधी आठ दिवस जाळीत ठेव, म्हणजे दोघांना एकमेकांची ओळख होईल.

आणि एक. दसरा बारा ऑक्टोबरला आहे. तोपर्यंत जोडी बसली तर ठीक. नाही बसली तर बाईसाहेबला मी इकडे आणणार. माझ्या हाताखाली जन्मलेला मासा आहे आणि कमूचा शेवटचा आहे. तुझ्या शिकण्यात तो मला घालवायचा नाही.

माया


अंबरनाथ पश्चिम
१८ ऑगस्ट

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी उल्हासनगरला जाऊन आले होते. तीन नंबर कॅम्पात जितेशभाईंचं माशांचं दुकान आहे, तिथे. मी म्हटलं, "एक नर द्या."

ते म्हणाले, "आंटी, सगळे नरच आहेत."

"मला वेडी समजता काय?"

"अरे आंटी, छोटा है तब तक नर, बडा होके मालकीण बनेगा. आमच्या घरी पण हाच सिस्टीम आहे." आतून त्यांची बायको हसली.

मला वाटलं, बाई एकटी दिसली म्हणून फसवतायत. मी भलतंसलतं बोलून रिकाम्या हाताने परत आले. मग तुमचं पत्र आलं. परवा पुन्हा गेले आणि आधी माफी मागितली. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमची नणंद बोलली तर खरं, मी बोललो तर झूठ?"

मासा आणला आहे. साडेतीन सेंटिमीटर. बाईसाहेब सहा भरते. काचेला बाहेरून फूटपट्टी चिकटवून मोजलं. नाव लहान्या. फळं धुवायची जाळीची टोपली कपड्यांच्या चिमट्यांनी टाकीच्या कडेला अडकवली आहे, तो तिच्यात आहे.

एक काळजीची गोष्ट. बाईसाहेब टोपलीजवळ आली की लहान्याला हीव भरतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत थडथड उडतो, कधी एका कुशीवर कलतो. टाकी थंड ठेवायला वरती जो पंखा लावलेला असतो तो मी दोन दिवस बंद ठेवला आहे, म्हणजे ऊब मिळेल.

आता माझं विचारणं. २०१९ मध्ये आपल्या दोन घरांचं येणं-जाणं नव्हतं. मग हे तुमच्याशी कधी बोलले? आणि साहेब बाई होती हे पाच वर्षं मला कुणीच सांगितलं नाही. पाहुणे आले की मी कौतुकाने सांगायची, हा मोठा तो नवरा. हे शेजारी बसून मान हलवायचे.

अंजनी


सोनिवली
२३ ऑगस्ट

अंजनी,

पंखा ताबडतोब चालू कर. पत्र पोचेपर्यंत दोघं शिजले नसतील अशी आशा करते.

ते हीव नाही, तो नमस्कार आहे. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो आणि कुशीवर होतो. "तू मोठी, मी लहान, मला भांडायचं नाही," एवढाच त्याचा अर्थ. हे त्याने केलं नाही तर काळजी करायची. पहिल्याच दिवसापासून करतो आहे म्हणजे मासा समंजस आहे.

बाईसाहेब त्याच्या मागे धावेल, टोचेल, कोपऱ्यात दाबेल. तेही तिचं बोलणंच आहे. तो थरथरला की ती थांबते का, एवढं बघ. थांबत असेल तर जोडी होणार.

टोपली काढ. मध्ये पडू नकोस.

कुशीवर कलतो हे तू कुणी न सांगता टिपलंस. माझ्या बी.एस्सी.च्या मुलांना ते दाखवून दिल्यावरही दिसायचं नाही.

माया


अंबरनाथ पश्चिम
३ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

पंखा तुमचं पत्र वाचता वाचताच लावला. दोघं ठीक आहेत.

टोपली सत्तावीस तारखेला काढली. बाईसाहेबने पहिल्याच मिनिटाला लहान्याला पाण्याच्या पंपामागे घातलं. तो बाहेर आला की टोच, आला की टोच. शीला म्हणाली, "बाई, ही सासू निघाली." मी तासभर बघितलं आणि त्याला परत टोपलीत घातलं. दुसऱ्या दिवशी परत सोडला, परत तेच. आतापर्यंत चार वेळा सोडला आणि चार वेळा काढला. मध्ये पडू नको म्हणालात ते वाचलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर मार खाणाऱ्याला मी बघत बसू शकत नाही.

एक नवीन सांगते. काचेला कान लावला की आतून आवाज येतो. टक, टकटक. मला वाटलं, पंपात खडा अडकला. पंप दोन मिनिटं बंद करून ऐकलं, तरी येत होता. बाईसाहेब धावून जाते तेव्हाच येतो. ती दात वाजवते की काय?

लहान्या खातो बरं. तब्येत सुधारली आहे.

२०१९ चं तुम्ही लिहिलं नाहीत.

अंजनी


सोनिवली
१३ सप्टेंबर

अंजनी,

गौरी-गणपतीत लिहायला जमलं नाही.

तो आवाज खरा आहे. हे मासे जबडा आपटून आवाज करतात, हे मी शिकवलंय आणि परीक्षेत विचारलंय. स्वतःच्या कानांनी एकदाही ऐकलेलं नाही. माझ्या खोलीत सहा पंप चालू असतात आणि ते एकदम बंद करावेत हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. तुझं पत्र वाचून काल बंद केले. जमिनीवर बसून काचेला कान लावला. ऐकू आलं.

आता खरं सांग. नवीन आलेला, चार वेळा मार खाल्लेला मासा तीन आठवड्यांत तब्येतीने सुधारत नाही. मोजून कळव. आणि काय करते आहेस तेही कळव.

माया


अंबरनाथ पश्चिम
२१ सप्टेंबर

वन्सं,

लहान्या चार पूर्णांक आठ भरला.

मी त्याला वेगळं खायला घालते. कोळंबी अगदी बारीक चिरून, ड्रॉपरने, टोपलीत, दिवसातून तीनदा. बाईसाहेबला सकाळ-संध्याकाळ चिमूट चिमूट. मला वाटलं, तो अंगाने भरला की ती त्याला टोचणार नाही. चार दणके द्यायची ताकद आली की गप्प बसेल ती. हे तुम्हाला मुद्दामच लिहिलं नाही, कारण तुम्ही नको म्हटलं असतं.

का केलं तेही सांगते, म्हणजे राहून गेलं असं नको. मी लग्न होऊन आले तेव्हा वाढायला तुम्ही असायचात. सगळ्यांचं झालं की मी बसायची, आणि भाजी संपलेली असायची. रोज नाही. पण बरेचदा. मी लोणच्याशी जेवायची. ह्यांनी एकदा स्वतःच्या ताटातली वाटी झाकून ठेवली होती, ती आईंनी पाहिली आणि दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. तेव्हापासून कुणी कमी जेवतंय हे मला बघवत नाही. मासा असला तरी.

गुरुवारी त्याला पाचव्यांदा सोडला. या वेळी तो थरथरला नाही. सरळ तिच्या अंगावर गेला. मी बाजार करून आले तोपर्यंत त्याची शेपटी फाटली होती आणि बाईसाहेबचा डावा डोळा पांढरा झाला होता. ती कुंडीच्या आत तोंड करून होती. काल दिवसभर तिने काही खाल्लं नाही.

ह्यांनी ती टाकी बसवली तेव्हा मी म्हटलं होतं, दिवाणखान्यात समुद्र कशाला. आता सकाळी उठले की आधी तिकडेच जाते. घरात आणखी कुणाकडे जायचं? ती गेली तर माझ्या हातून दुसरा जाईल, आणि या वेळी तुम्ही विचारलंत तर मला फोन ठेवता येणार नाही, कारण तुमचं खरं असेल.

दसऱ्याची वाट बघू नका. या आणि घेऊन जा.

अंजनी


सोनिवली
२७ सप्टेंबर

अंजनी,

तुझं पत्र काल आलं. मी येणार नाही.

डोळ्याचं आधी. खरचटलं असेल तर पांढरेपणा आठ-दहा दिवसांत उतरतो. पाणी स्वच्छ ठेव, थोडं थोडं बदल, दुसरं औषध घालू नकोस. लहान्याला टोपलीत ठेवलं असशीलच.

आता त्याचं ऐक. तू त्याला दुबळा समजलीस. मीही विद्यार्थ्यांना बरीच वर्षं तसंच सांगायची, मार खातो म्हणून खुजा राहतो. तसं नाही. हा मासा पुढच्याच्या अंगाचा अंदाज घेतो आणि आपली वाढ आपणच हळू ठेवतो. ठरावीक फरक राखतो. तेवढा फरक असेपर्यंत पुढच्याला त्याचं भय नसतं आणि त्याला घरात जागा असते. पुढची जागा रिकामी झाली की हाच मासा भराभर वाढतो. आपल्या बाईसाहेबने काय केलं आठव. आठ वर्षं साहेबच्या मागे राहिली, कुणाच्या ध्यानातही नव्हती. साहेब गेल्यावर अडीच महिन्यांत हिने टाकी ताब्यात घेतली. कुणी शिकवलं नाही. एवढ्याशा जिवाला आपलं माप कळतं, दुसऱ्याचं कळतं, आणि थांबायचं कधी नि वाढायचं कधी हेही कळतं. इतकी वर्षं बघते आहे, अजून मला त्याचं नवल वाटतं.

तू प्रेमाने त्याचं ते माप मोडलंस. दर वेळी उचलून घेतल्याने नमस्कार पुरा करायलाही त्याला मिळाला नाही. पण तो लहान आहे, पुन्हा शिकेल.

असं कर. लहान्याचं वेगळं खाणं बंद. बाईसाहेब खायला लागली की तिचं वाढव. मग टोपलीत तिला ठेव आणि त्याला टाकीत मोकळा सोड. दगड सगळे हलव, कुंडीचं तोंड दुसऱ्या बाजूला कर, म्हणजे तिला परत आल्यावर जागा ओळखीची वाटणार नाही. आठवडाभराने तिला सोड. मग टोपली धुऊन स्वयंपाकघरात नेऊन ठेव. टाकीजवळ नको.

२०१९ चं. कमू दर दोन आठवड्यांनी रविवारी माझ्याकडे यायचा. तुला पालेगावला मित्राकडे पत्ते खेळायला जातो म्हणून सांगायचा. टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन यायचा, मी तपासून द्यायची. मग तासभर माझ्या टाक्यांसमोर बसायचा. फार बोलायचा नाही. तुला सांग म्हटलं तर म्हणायचा, "दोघींपैकी एकीने आधी विचारू दे." आपण दोघीही विचारणाऱ्या नव्हतो. जानेवारीपासून माझे रविवार रिकामे आहेत. मासा मागत होते त्यात हेही होतं.

भाजीचं मला आठवत नव्हतं. काल रात्रभर आठवून बघितलं. पातेल्याच्या तळाला डाव लागल्याचा आवाज आठवला. तो ऐकूनही मी वाढत राहिले. चुकलं माझं.

माया


अंबरनाथ पश्चिम
६ ऑक्टोबर

वन्सं, नमस्कार.

पत्र तीन वेळा वाचलं. त्यातलं रविवारचं पान ह्यांच्या वहीत ठेवलं आहे.

मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. एक दिवस होता. पालेगावचा तो मित्र आजारी असतो असं हे म्हणायचे, म्हणून मी त्याच्यासाठी लाडू दिले होते. दोनदा.

बाईसाहेबचा डोळा निवळला. मंगळवारपासून टोपलीत तीच आहे. आधी तिने जाळीला धडका दिल्या, आता गप्प आहे आणि पोटभर खाते. दगड हलवले. कुंडी फिरवली. लहान्याची शेपटी भरून येते आहे. तो दिवसभर नव्या जागा बघत हिंडतो आणि टोपलीखालून जाताना थडथडतो. मी आता घाबरत नाही. उलट तो थरथरला की मला त्याचं कौतुक वाटतं.

मंगळवारी तिला सोडेन. टोपली शीलाला देऊन टाकते, तिला घरी उपयोगी पडेल. माझ्या घरात राहिली तर मी वापरेन.

एक कबूल करते. तुमचं पत्र आलं की मी आधी वाचायला घाबरायची. आता वाचून झालं की वाईट वाटतं. तुमच्यासारखं शिकवणारं कुणी मला शाळेत भेटलं असतं तर मी पुन्हा दहावीला बसून पास झाले असते.

लाडू तुम्हीच खाल्लेत का?

अंजनी


सोनिवली
९ ऑक्टोबर

अंजनी,

लाडू मीच खाल्ले. बेदाणे कमी होते.

घाईत लिहिते. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पंधराला आहे, चौदाला दाखल व्हायचं. सात-आठ दिवस तरी जातील. गेले दोन महिने पुढे ढकलते आहे, कारण टाक्या कुणावर सोडायच्या कळत नव्हतं. शेजारची सोनिया डबा पोचवेल, दाराची किल्ली ठेवेल. पण पिल्लांच्या दोन टाक्यांत रांगा लागायला सुरुवात झाली आहे, आणि कोण कुणाला किती टोचतंय, कुणाला वेगळं काढायचं, कुणाला तसंच राहू द्यायचं, हे तिला दिसणार नाही. विद्यार्थ्यांपैकी कुणाला दिसेल असं नाव डोळ्यांसमोर येत नाही.

तुला दिसेल.

मी हे फोनवर विचारू शकले असते. विचारलं नाही.

येशील का? तुझी दोघं आठ दिवस फार लाड न होता राहू शकतात. शीला रोज एकदा चिमूटभर घालेल आणि काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी भरेल तर पुरे आहे. पण जोडी बसली नसेल तर त्यांना सोडून येऊ नकोस. मग मी तारीख पुढे घेईन.

माया


सोनिवली
१६ ऑक्टोबर

वन्सं, नमस्कार.

सोनियाबरोबर डबा पाठवते आहे, त्यात ही चिठ्ठी. भाजी तुम्हाला नि सोनियाला पुरून उरेल एवढी आहे, तिच्यापुढे संकोच करू नका. ऑपरेशन नीट झालं हे डॉक्टरांनी मला सांगितलं. तुम्ही नर्सबाईंना इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवत होतात, हेही सांगितलं.

तुमच्या टाक्या. पहिल्या चारमध्ये सगळं जिथल्या तिथे. पाचवीतल्या पिल्लांत सगळ्यांत मोठी आहे ती डाव्या कोपऱ्यातला पाइप धरून आहे, बाकी अकरा तिच्यापासून अंतर राखून. मी त्यांना उंचीप्रमाणे कागदावर मांडलं आहे, घरी आलात की बघा. सहावीत एक जण थरथरूनही मार खात होता. मार थांबतो का बघत मी अर्धा दिवस बसले. थांबला नाही, म्हणून त्यालाच वेगळा काढला. बाकी कुणाला हात लावलेला नाही. काल दुपारी सहाही पंप बंद करून ऐकलं. पाचवीतली सगळ्यांत जास्त बोलते.

शनिवारी मी आले तेव्हा तुम्ही दारातच विचारलंत, "जोडी बसली?" मी नुसतं हो म्हणाले आणि तुमची बॅग भरायला घेतली. तेव्हा सांगायला लागले असते तर आपण दोघी रडत बसलो असतो आणि तुमचे रिपोर्ट घरीच राहिले असते. आता सांगते.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. बाईसाहेबला सोडून तेव्हा तीन दिवस झाले होते. ती त्याच्या मागे जायची, पण पूर्वीसारखी नाही, दोन हात धावून परत फिरायची. कुंडीत मात्र त्याला येऊ देत नव्हती. पत्र वाचून मी टाकीसमोर पाट घेऊन बसले. जायचं तर होतं. पण जोडी बसली नसेल तर येऊ नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, आणि या वेळी मी तुमच्यापासून काही लपवणार नव्हते.

संध्याकाळी पाचला खायला घातलं. आधी तिने खाल्लं, तो मागे थांबला. मग त्याने खाल्लं. ती कुंडीच्या तोंडाशी गेली. तो तिच्या मागोमाग गेला. मला वाटलं, आता टोचणार. माझा हात आपोआप टोपली शोधायला गेला, टोपली नव्हती. तो तिच्या अगदी पुढ्यात जाऊन कुशीवर झाला आणि थरथरला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पुरा. ती त्याच्याभोवती एक फेरी फिरली. काचेला कान लावला, टकटक नव्हती. मग ती आत गेली, आणि कुंडीच्या तळाला पाठीमागे सरकून तिने पुढे जागा ठेवली. तो आत गेला. दोघांची तोंडं बाहेर, ती मोठी, तो खाली, शेजारी शेजारी.

मी वळून ह्यांना सांगायला तोंड उघडलं. दिवसातून एकदा तरी होतं तसं. मग मिटलं, आणि वहीत लिहिलं. तारीख, वेळ, दोघं कुंडीत. सात वाजता पाहिलं, कुंडीतच होते. शीलाला किल्ली दिली. ती म्हणाली, "बाई, तुम्ही नऊ महिन्यांत एक रात्र घराबाहेर राहिला नाहीत." मी म्हटलं, माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. मी टाकीत खुणेपर्यंत पाणी भरलं, पंखा चालू ठेवला, बेदाणे जास्त घालून केलेले लाडू डब्यात भरले, घराला कुलूप लावलं आणि तुमच्याकडे आले.

अंजनी